फाइल बदलली हे मॉनिटरिंग सॉफ्टवेअरला कसे कळते आणि कुठे कळत नाही

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: राउटर, स्विच आणि सर्व्हर यांच्यावर झॅबिक्स या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरने देखरेख आधीपासून चालू आहे, आता सर्व्हरवरील काही महत्त्वाच्या कॉन्फिगरेशन फाइली बदलल्या तर लगेच कळावे, अशी मागणी वरून आली आहे. हे काम त्याच सॉफ्टवेअरमधून भागेल की त्यासाठी वेगळे साधन घ्यावे लागेल? आणि करून पाहिलेल्या चाचणीत अलर्ट आला खरा, पण पुढच्याच तपासणीत तो आपोआप बंद झाला, ते का?

पहिल्या भागाचे उत्तर आधी देतो. फाइली मोजक्या असतील आणि भीती मुख्यतः सहकाऱ्याच्या हातून झालेल्या बदलाची, अर्धवट राहिलेल्या डिप्लॉयमेंटची (सर्व्हरवर नवी आवृत्ती चढवण्याच्या कामाची) किंवा न चाललेल्या बॅकअपची असेल, तर वेगळे साधन घेण्याची गरज नाही. फाइली हजारोंनी असतील, बदल कोणी केला हे सिद्ध करायचे असेल किंवा घुसखोराला पकडायचे असेल, तर मात्र या सॉफ्टवेअरवर भिस्त ठेवू नये. यामागचे कारण त्याच्या कामाच्या पद्धतीत आहे. ते ठरावीक वेळाने एक मूल्य विचारते आणि मागच्या मूल्याशी ताडून पाहते. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात काय घडले, हे त्याला कधीच दिसत नाही.

केवळ नेटवर्कवर नजर ठेवून फाइलच्या आत डोकावता येत नाही, हेही आधीच स्पष्ट असलेले बरे, कारण खरेदीच्या बैठकांत याबाबत हमखास गैरसमज होतात. पिंग, पोर्टची तपासणी किंवा इंटरफेसवरील ट्रॅफिक यांतून फाइलविषयी काहीच कळत नाही. प्रत्यक्ष ती फाइल वाचणारे कोणीतरी लागतेच, मग तो झॅबिक्सचा एजंट (त्या यंत्रावर बसवलेला छोटा प्रोग्राम) असो, एसएसएच या दूरच्या लॉगिनवरून चालवलेली स्क्रिप्ट असो किंवा पीआरटीजी या दुसऱ्या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरच्या फाइल सेन्सरप्रमाणे शेअर केलेल्या फोल्डरमधून वाचणारा प्रोब असो. एसएनएमपीवरच (नेटवर्क उपकरणांची माहिती विचारण्याचा प्रोटोकॉल) काम भागवायचे असेल, तर नेट-एसएनएमपीच्या डिमनमध्ये, म्हणजे मागे चालत राहणाऱ्या प्रोग्राममध्ये, फाइलवर लक्ष ठेवणारी एक सूचना आहे. पण ती केवळ आकार पाहते आणि ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे फाइल फुगली तर त्रुटीचा झेंडा उभारते. फुगणाऱ्या लॉगसाठी ती उपयोगी आहे, कॉन्फिगरेशनसाठी नाही, कारण कॉन्फिगरेशनमध्ये एका अंकाच्या जागी दुसरा अंक आला तरी आकार जिथल्या तिथेच राहतो.

आता नेमके कोणते मूल्य मागवायचे, हा प्रश्न येतो. आकार, बदलाची वेळ आणि चेकसम (मजकुरावरून गणिताने काढलेली छोटी खूण, मजकूर बदलला की तीही बदलते) असे तीन पर्याय समोर असतात आणि स्वस्त म्हणून बहुतेकांचा हात बदलाच्या वेळेकडे जातो. ती खरोखरच स्वस्त आहे, कारण फाइल उघडावी लागत नाही. मात्र ती कोणालाही हवी तशी लिहिता येते. टच ही साधी आज्ञा मागची तारीख घालून देते. हेतू वाईट असायलाच हवा असेही नाही. फाइली कॉपी करणारे आरसिंक अर्काइव्ह पर्यायासह चालवले किंवा टारच्या गठ्ठ्यातून फाइली बाहेर काढल्या की मूळ फाइलची जुनी वेळच कायम राहते, म्हणजे नवा मजकूर आलेला असतो आणि वेळ मात्र आधीपेक्षा मागची दिसते. म्हणून बदलाच्या वेळेवरून ट्रिगर, म्हणजे अलर्ट उघडण्याची अट, लिहायचाच असेल तर «आधीपेक्षा मोठी झाली का» असे न विचारता «आधीपेक्षा वेगळी झाली का» असे विचारावे. लिनक्सवर आयनोडच्या (फाइलची माहिती ठेवणाऱ्या नोंदीच्या) बदलाची वेळ, म्हणजे सीटाइम, जास्त विश्वासार्ह आहे, कारण ती टचने मागे नेता येत नाही आणि परवानगी किंवा मालक बदलला तरी हलते. वाचल्याची वेळ मात्र विसरून जावी. लिनक्समध्ये रिलेटाइम ही पद्धत डिफॉल्ट असल्याने ती प्रत्येक वाचनानंतर अद्ययावत होत नाही.

कॉन्फिगरेशनसाठी माझी निवड चेकसमचीच असते. झॅबिक्समध्ये यासाठी व्हीएफएस.फाइल.सीकेसम ही की, म्हणजे एजंटला विचारायच्या मूल्याचे नाव, आहे. तिचा डिफॉल्ट प्रकार सीआरसी३२ आहे आणि ६.० या आवृत्तीपासून दुसऱ्या पॅरामीटरमध्ये एमडी५ किंवा एसएचए२५६ मागता येते. चुकून झालेला बदल सीआरसी३२ सुद्धा पकडते. पण मुद्दाम चार बाइट जुळवून तेच उत्तर आणणे अगदी सोपे आहे, आणि लहान फाइलसाठी एसएचए२५६ चा खर्च नगण्य आहे, त्यामुळे कमकुवत प्रकार वापरण्याचे कारण उरत नाही. परवानग्या बदलल्याने मजकूर बदलत नाही आणि म्हणून चेकसमही बदलत नाही, हे मात्र लक्षात ठेवावे. एन्क्रिप्शनची खासगी की (गुप्त किल्ली) असलेली फाइल कोणी सर्वांना वाचण्यासाठी खुली केली, तर चेकसमवरचा ट्रिगर शांतच राहील. अशा फाइलींवर मालक आणि परवानग्या यांचे वेगळे आयटम (नियमित मागवायची मूल्ये) लावावेत, झॅबिक्स ६.० पासून त्यांच्यासाठीही स्वतंत्र कीज आहेत.

आपोआप बंद झालेल्या अलर्टकडे आता वळू. नेहमीचा ट्रिगर «शेवटचे मूल्य त्याच्या आधीच्या मूल्याहून वेगळे आहे» असा लिहिलेला असतो. दहा वाजता फाइल बदलली आणि दहा वाजून एक मिनिटाने तपासणी झाली, की शेवटचे मूल्य नवे आणि आधीचे जुने, म्हणून प्रॉब्लेम उघडतो. दहा वाजून दोन मिनिटांनी पुन्हा तपासणी होते. आता शेवटचे आणि आधीचे ही दोन्ही मूल्ये नवीच असतात, अट खोटी ठरते आणि सॉफ्टवेअर «समस्या सुटली» असा निरोप पाठवते. प्रत्यक्षात काहीही सुटलेले नसते. बदललेली फाइल तशीच असते, फक्त बदल जुना झालेला असतो. रात्री ड्युटीवर असलेला माणूस लागोपाठ आलेले हे दोन संदेश पाहतो, दुसरा हिरवा आहे म्हणून निर्धास्त होतो, आणि सकाळपर्यंत कोणी त्या फाइलकडे फिरकत नाही.

यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे ट्रिगरच्या रचनेत ओके इव्हेंट (समस्या सुटल्याची नोंद) निर्माण करण्याचा पर्याय «नन» वर ठेवावा आणि हाताने बंद करण्याची मुभा द्यावी, म्हणजे कोणीतरी पाहून, कारण लिहून बंद करेपर्यंत प्रॉब्लेम उघडा राहतो. यात एक खोच आहे जी सहसा उशिरा लक्षात येते: प्रॉब्लेम उघडा असताना तीच फाइल पुन्हा बदलली, तर «सिंगल» पद्धतीत नवा इव्हेंट तयारच होत नाही, आणि दुसरा बदल पहिल्याच्या आडोशाने निसटतो. म्हणून अशा ट्रिगरसाठी प्रॉब्लेम इव्हेंटची पद्धत «मल्टिपल» करावी. अट प्रत्येक बदलाला एकदाच खरी ठरत असल्यामुळे अलर्टांचा पूर येत नाही.

दुसरा उपाय माझ्या मते अधिक सरळ आहे, पण थोडी शिस्त मागतो. आधीच्या मूल्याशी तुलना करण्याऐवजी मंजूर चेकसम होस्टच्या, म्हणजे त्या सर्व्हरच्या, मॅक्रोमध्ये (झॅबिक्समध्ये साठवलेल्या नावाच्या मूल्यात) लिहून ठेवावा आणि सध्याचे मूल्य त्याच्याशी ताडावे. फाइल जोपर्यंत मंजूर स्थितीपासून ढळलेली आहे तोपर्यंत अलर्ट उभा राहतो. कोणी बदल मागे घेतला तर तो खऱ्या अर्थाने सुटतो. आणि बदल योग्यच असेल तर मॅक्रो अद्ययावत करणे हीच त्याची मंजुरी ठरते. डिप्लॉयमेंटची स्क्रिप्ट हे काम झॅबिक्सच्या एपीआयमधून (प्रोग्रामने बोलण्याच्या दारातून) स्वतःच करू शकते, म्हणजे नियोजित बदलावर अलर्ट वाजत नाही आणि अनियोजित बदल लपत नाही. मेंटेनन्स विंडो लावून अलर्ट दाबण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी बरा, कारण विंडोच्या काळात झालेला भलता बदलही विंडोबरोबर गिळला जातो.

इतिहासाची जागा वाचवण्यासाठी काही जण प्रीप्रोसेसिंगमध्ये, म्हणजे साठवण्याआधीच्या टप्प्यात, न बदललेली मूल्ये टाकून देतात आणि हार्टबीट (न बदललेले मूल्यही एकदा साठवण्याचा कालावधी) म्हणून एक दिवस ठेवतात. ही सवय चांगलीच आहे, पण तिने वरच्या पहिल्या ट्रिगरचे वागणे बदलते, हे ठाऊक असावे. समान मूल्ये साठवलीच जात नसल्याने शेवटची दोन साठवलेली मूल्ये वेगळीच राहतात आणि अलर्ट पुढच्या हार्टबीटपर्यंत उघडा राहतो. कोणाला हे सोयीचे वाटेल, तर कोणी कारण न कळल्यामुळे चक्रावून जाईल.

याहून धोकादायक अडचण फाइल नाहीशी झाल्यावर येते. चेकसमचा आयटम फाइल न सापडल्यास शून्य देत नाही, तर «नॉट सपोर्टेड» अवस्थेत जातो. त्यावर अवलंबून असलेला ट्रिगर अज्ञात स्थितीत जातो, आणि अंतर्गत इव्हेंटसाठी वेगळी अ‍ॅक्शन चालू केलेली नसेल तर कोणालाच निरोप जात नाही. म्हणजे फाइलमधला स्वल्पविराम हलला तर गजर होतो आणि फाइलच पुसली तर शांतता असते. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या फाइलसाठी अस्तित्वाची तपासणी स्वतंत्र लावावी. तिचे उत्तर शून्य किंवा एक असेच येते आणि त्यावर ट्रिगर नि:शंकपणे लिहिता येतो. एजंटच बंद पडला किंवा कोणी तो बंद केला, तर या दोन्ही तपासण्या गप्प होतात. त्यामुळे एजंटकडून मूल्ये येत आहेत की नाहीत, याचा ट्रिगर फाइलींच्या ट्रिगरइतकाच गंभीर मानावा.

वाचण्याच्या परवानगीचे प्रकरणही इथेच निघते. एजंट साधारणपणे झॅबिक्स नावाच्या बिनअधिकाराच्या युजरखाली चालतो आणि तो तसाच चालावा. युजरांची यादी असलेली पासडब्ल्यूडी फाइल सर्वांना वाचता येते, म्हणून तिच्यावरची तपासणी लिनक्सच्या तयार टेम्पलेटमध्ये असते आणि पहिल्या दिवसापासून चालते. पासवर्डांचे हॅश असलेल्या, फक्त रूटला (सर्वाधिकारी युजरला) वाचता येणाऱ्या शॅडो फाइलवर तीच तपासणी लावली की नॉट सपोर्टेड. अशा वेळी एजंटला रूटचे अधिकार देऊन मोकळे होण्याचा मोह होतो, पण नेटवर्कवर ऐकत बसलेल्या प्रक्रियेला रूट करणे म्हणजे एका फाइलच्या काळजीपोटी सगळे यंत्र पणाला लावणे आहे. त्याऐवजी रूटखाली चालणारा एक छोटा सिस्टमडी टायमर (लिनक्समधले वेळापत्रकानुसार चालणारे काम) ठेवावा, त्याने ठरलेल्या फाइलींचे एसएचए२५६ काढून एजंटला वाचता येईल अशा फाइलमध्ये लिहावे किंवा झॅबिक्स सेंडरने थेट सर्व्हरला पाठवावे. टायमर थांबला तर जुनीच मूल्ये खुशाल दिसत राहतील, म्हणून त्या निकालाच्या फाइलचे वयही तपासावे. फाइलचा संपूर्ण मजकूर मागवणारी कीही उपलब्ध आहे आणि दोन आवृत्त्यांमधला फरक पाहायला ती आकर्षक वाटते. परंतु कॉन्फिगरेशनमध्ये डेटाबेसचे पासवर्ड असतात आणि मजकूर मॉनिटरिंगच्या डेटाबेसमध्ये गेला की ते डॅशबोर्ड पाहणाऱ्या प्रत्येकाच्या हाती लागू शकतात.

किती वेळाने तपासावे? कॉन्फिगरेशनसाठी पाच ते पंधरा मिनिटे पुरेशी असतात. लहान फाइलींचा भार जाणवत नाही, पण चेकसमसाठी दर वेळी पूर्ण फाइल वाचावी लागते, आणि झॅबिक्स एजंटचा डिफॉल्ट टाइमआउट फक्त ३ सेकंदांचा आहे; काही गिगाबाइटची डेटाबेस फाइल त्या वेळात बसत नाही. अशा फाइलवर चेकसम लावणे तसेही निरर्थक आहे, कारण ती सतत बदलतच असते. मोठी फाइल लिहिली जात असतानाच तपासणी झाली, तर अर्ध्या मजकुराचा चेकसम मिळतो आणि एका बदलाचे दोन अलर्ट येतात.

तात्काळ कळायला हवे असेल तर पोलिंग (ठरावीक वेळाने विचारणे) सोडून कर्नलकडून, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याकडून, सूचना घ्यावी लागते. लिनक्समध्ये अशी सूचना देणारे आयनोटिफाय २००५ साली २.६.१३ या कर्नलबरोबर आले आणि आजही बहुतेक साधने त्यावरच उभी आहेत. ते वापरताना काही गोष्टी डोक्यात असाव्यात. ते उपफोल्डरमध्ये आपोआप उतरत नाही, प्रत्येक फोल्डरवर वेगळा वॉच लागतो आणि त्यांच्या संख्येला मर्यादा असते. एनएफएसवरील, म्हणजे नेटवर्कवरून वाटून घेतलेल्या डिस्कवरील, फाइल दुसऱ्या यंत्रावरून बदलली तर इथल्या आयनोटिफायला पत्ता लागत नाही. बरेच एडिटर जुनी फाइल जागेवर न बदलता नवी तात्पुरती फाइल लिहून तिचे नाव बदलतात, त्यामुळे फाइलवर लावलेला वॉच जुन्या आयनोडलाच चिकटून राहतो. वॉच नेहमी फोल्डरवर लावावा. आणि घटनांची रांग भरून वाहिली की पुढच्या घटना गळतात, म्हणून दिवसातून एकदा चेकसमची पूर्ण फेरी चालू ठेवावी.

बदल न होणे हाच दोष असलेल्या फाइलींची गोष्ट उलटी आहे. रात्रीचा बॅकअप, तासाला येणारी निर्यात फाइल, प्रमाणपत्रांच्या नूतनीकरणाने बदलायला हवी असलेली फाइल यांच्याबाबत वय मोजावे. नागिओस या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरचे चेक-फाइल-एज हे प्लगइन नेमके हेच करते आणि वयाबरोबर किमान आकारही विचारते. काही न सांगता चालवले तर ते २४० सेकंदांनी वॉर्निंग आणि ६०० सेकंदांनी क्रिटिकल देते, त्यामुळे रोजच्या बॅकअपसाठी आकडे बदलावेच लागतात. आकाराची अट वगळू नये. डिस्क भरल्यामुळे शून्य बाइटची झालेली बॅकअप फाइल वयाने अगदी ताजी असते. रोजच्या कामासाठी मर्यादा चोवीस तासांची न ठेवता सव्वीस-सत्तावीस तासांची ठेवावी, नाहीतर बॅकअपला थोडा उशीर झाला की पहाटे सगळ्यांना उठवले जाते. वय काढताना सर्व्हर आणि एजंट यांची घड्याळे जुळलेली असावी लागतात, तेव्हा घड्याळे जुळवणाऱ्या एनटीपीकडे आधी पाहावे.

बदल कोणी केला, या प्रश्नाला चेकसमकडे उत्तर नाही आणि आयनोटिफायकडेही नाही. लिनक्सवर त्यासाठी ऑडिटडी या नोंदी ठेवणाऱ्या सेवेमध्ये त्या फाइलवर लिहिण्याचा आणि गुणधर्म बदलण्याचा नियम लावावा. त्यात ऑडिट युजर आयडी नोंदला जातो आणि सुडो वापरून रूट झालेला माणूस मूळ कोण होता, हे त्यामुळे कळते. विंडोजमध्ये ऑब्जेक्ट अ‍ॅक्सेसचे ऑडिट चालू करून फोल्डरवर एसएसीएल (कोणत्या कृती नोंदवायच्या याची यादी) लावली की सिक्युरिटी लॉगमध्ये ४६६३ क्रमांकाची घटना उमटते, आणि तिच्यात खात्याचे व प्रोसेसचे नाव असते. नेटवर्क मॉनिटरिंग सॉफ्टवेअरने मग हा लॉग वाचावा. व्यवहारात मी चेकसमचा अलर्ट आणि ऑडिटची नोंद अशी जोडी ठेवतो: अलर्ट माणसाला जागे करतो, नोंद त्याला दिशा देते.

सुरक्षेच्या मागणीला मात्र वेगळे साधनच लागते. पर्ड्यू विद्यापीठात जीन किम आणि जीन स्पॅफर्ड यांनी १९९२ साली ट्रिपवायर लिहिले तेव्हापासून या कामाची मूळ कल्पना एकच आहे: विश्वासार्ह स्थितीतील हॅशचा (एसएचए२५६ सारख्या चेकसमचा) साठा करून तो घुसखोराच्या हाती लागणार नाही असा ठेवायचा. एआयडीई, ओएसएसईसी आणि वाझू हे त्याच वाटेने जातात. वाझूची पूर्ण तपासणी डिफॉल्टने ४३,२०० सेकंदांनी, म्हणजे बारा तासांनी होते, आणि निवडक फोल्डरसाठी तात्काळ सूचना व कर्त्याची माहितीही चालू करता येते. कार्ड व्यवहार हाताळणाऱ्यांसाठी पीसीआय डीएसएस या मानकात महत्त्वाच्या फाइलींची तुलना किमान आठवड्यातून एकदा करण्याची अट आहे. परीक्षकापुढे काही झॅबिक्स आयटम मांडून ती पुरी होईल, अशी आशा धरू नये. रूट मिळवलेला माणूस एजंटला हवे ते मूल्य बोलायला लावू शकतो, ही मर्यादा तर यंत्रावरच चालणाऱ्या प्रत्येक साधनाला कमीअधिक आहे. म्हणून हॅश आणि लॉग यंत्राबाहेर तात्काळ जाणे महत्त्वाचे.

राहिले राउटर आणि स्विच. त्यांच्यावर एजंट बसत नाही, पण कॉन्फिगरेशन बदलल्याची खूण ती स्वतःच देतात. सिस्कोच्या उपकरणांत कोणी कॉन्फिगरेशन मोडमधून बाहेर पडले की सिसलॉगमध्ये (उपकरणाच्या संदेशांच्या नोंदीत) एसवायएस-५-कॉन्फिग_आय हा संदेश येतो, त्यात युजर आणि पत्ता असतो. मात्र काहीही न बदलता मोडमध्ये शिरून परत आले तरी तो येतो, म्हणून तो केवळ इशारा मानावा. रॅन्सिड किंवा ऑक्सिडाइज्ड यांपैकी एखाद्या साधनाने कॉन्फिगरेशन उतरवून ते गिटमध्ये (आवृत्त्यांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) ठेवावे आणि मॉनिटरिंगने नवीन कमिट, म्हणजे बदलाची नवी नोंद, आला की अलर्ट द्यावा. सिसलॉगचा संदेश आल्याबरोबर हे उतरवणे चालू केले तर रात्रीच्या फेरीची वाट पाहावी लागत नाही. उतरवलेल्या मजकुराचा चेकसम थेट ताडू नये, कारण जुन्या सिस्को उपकरणांतील एनटीपी क्लॉक-पीरियडची ओळ कोणी हात न लावताही बदलत राहते, आणि वरच्या शेऱ्यात शेवटच्या बदलाची वेळ असते. या ओळी आधी गाळाव्यात, मग तुलना करावी.

सुरुवात दहा-बारा फाइलींनी करावी: रूटचे अधिकार कोणाला हे ठरवणारी सुडोअर्स, एसएसएच डिमनचे कॉन्फिगरेशन, वेब सर्व्हरची मुख्य फाइल, वेळापत्रकाची कामे ठेवणारी क्रॉनची फोल्डरे आणि अ‍ॅप्लिकेशनच्या दोन-तीन फाइली. प्रत्येकीला एक नावानिशी जबाबदार माणूस असावा. मग चाचणीच्या सर्व्हरवर प्रत्येक तपासणी चार प्रकारे तोडून पाहावी: मजकूर बदलून, जुनी तारीख घालून मजकूर बदलून, परवानगी बदलून आणि फाइल हलवून. चारही वेळा योग्य माणसाच्या फोनवर अलर्ट पोचला, तरच यादी वाढवावी.